म्हातारा तीनदा चहा पितो

चहा उकळतोय तोवर सांगून टाकतो. एकदा आमची ही ट्रे घेऊन बाहेर आली की ती स्वतःच सांगायला बसेल, आणि तिच्या तोंडून ऐकलंत तर मी आहे त्याच्या दुप्पट गाढव वाटेन. गाढव ठरणार हे नक्की आहे, पण निदान माझ्या तोंडून ठरू दे.

तुम्हाला माहीतच आहे, बँकेतून निवृत्त झाल्यावर मी दर रविवारी सकाळी चित्रपट रसास्वादाचा वर्ग घ्यायला लागलो. सदाशिव पेठेत, एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये. रसास्वाद म्हणजे काय, तर एक जुना अभिजात सिनेमा लावायचा, तो संपला की दिवे लावायचे, आणि दिग्दर्शकाला काय म्हणायचं होतं ते मी सांगायचं. दिग्दर्शक कुठला तरी जपानी नाही तर पोलिश असायचा, आणि बहुधा कैलासवासी. त्यामुळे मधेच उठून "अहो, मला असलं काही म्हणायचं नव्हतं" असं तो म्हणेल ही भीती नव्हती. माझा सगळा आत्मविश्वास या एकाच गोष्टीवर उभा होता, हे कळायला मात्र मला धायरीला जावं लागलं.

वर्गात माझा एक नियम होता. सिनेमा बघायच्या आधी त्याच्याबद्दल एक अक्षर ऐकायचं नाही. गोष्ट नाही, नटांची नावं नाहीत, दिग्दर्शकाचं मनोगत तर मुळीच नाही. पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना बजावायचो, "कोरी पाटी घेऊन बसा. ज्या सिनेमाबद्दल आधी सांगावं लागतं, तो सिनेमा कच्चा." हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते पुढे फार महागात पडणार आहे.

वर्गात सागर नावाचा एक मुलगा यायचा. धायरीहून मोटरसायकलवर यायचा, मागच्या रांगेत बसायचा, आणि एक शब्द न बोलता सगळं ऐकून निघून जायचा. पुण्यात न बोलणारा माणूस म्हणजे संशयास्पदच. पण एका रविवारी सगळे गेल्यावर तो मागे रेंगाळला.

"सर, मी एक पिक्चर केलाय. बघाल का?"

"तू? अरे, बोलला नाहीस कधी."

"मामांचे पैसे आहेत त्यात. मामा म्हणतात, एकदा कुणीतरी जाणकार माणसानं बघावा, मग पुढचं ठरवू."

पुढचं म्हणजे काय, हे मी विचारायला हवं होतं की नको? हवं होतं. पण "जाणकार माणसानं" हे दोन शब्द कानात शिरले आणि त्यांच्या मागून काही आत जायला जागाच उरली नाही. मी म्हटलं, येतो.

सागरचे मामा म्हणजे त्याच्या आईचे थोरले भाऊ. पूर्वी धायरीत शेती होती, आता त्या जागेवर त्यांचं मंगल कार्यालय आहे. सिनेमा तिथल्याच हॉलमध्ये दाखवायचा होता. दुसऱ्या दिवशी लग्न होतं, त्यामुळे मागे जिलेब्या पडत होत्या, आणि हॉलमध्ये सगळ्या खुर्च्या रचून ठेवलेल्या. मामांनी मला हाताला धरून थेट स्टेजवर नेलं आणि नवरदेवाच्या सिंहासनावर बसवलं. लाल मखमल, सोनेरी सिंह, सगळं साग्रसंगीत. शेजारी नवरीच्या खुर्चीत मामा स्वतः बसले. समोर भिंतीवर पडदा लावलेला.

"सर, तुम्ही म्हणाल ते खरं," मामा म्हणाले. "आपल्याला त्यातलं कायबी कळत न्हाई. पोरगं म्हणतंय चांगला झालाय. आता पोराला आपलं सगळं चांगलंच वाटणार."

सागर लॅपटॉपच्या वायरी जोडत होता. तो उठून माझ्याजवळ आला. "सर, लावायच्या आधी एक सांगायचं होतं. हे अजून…"

मी हात वर केला. "सागर, वर्गात मी काय शिकवलं?"

"हो सर, पण हे जरा…"

"कोरी पाटी."

बिचारा परत वायरींकडे गेला. विद्यार्थी असावा तर असा, असं मला वाटलं.

सिनेमा सुरू झाला. गोष्ट साधी होती. एका गावाचं उपनगर बनतं, आणि एका म्हाताऱ्याच्या विहिरीवर मोठी हाउसिंग सोसायटी उभी राहते. म्हातारा रोज सोसायटीच्या फाटकाशी येतो आणि वॉचमनला म्हणतो, मला आत सोडा, माझी विहीर बघायची आहे. बस. एवढंच. पण काय सांगू तुम्हाला, त्यातली दिग्दर्शकीय दृष्टी बघून मी सिंहासनात ताठ झालो.

पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात सतत आकडे पळत होते. अगदी सुरुवातीपासून. मी म्हटलं, वा, काळ. म्हाताऱ्याचं आयुष्य सेकंदासेकंदाने सरतंय, आणि दिग्दर्शक ते आपल्याला विसरू देत नाही.

म्हातारा मुलाशी बोलतो त्या प्रसंगात त्याचे नुसते ओठ हलत होते. आवाजच नाही. मुलाचा आवाज मात्र स्वच्छ. माझ्या अंगावर काटा आला. घरात बापाला आवाज उरलेला नाही, हे इतक्या थोडक्यात मी कुठल्या पोलिश सिनेमातही पाहिलं नव्हतं.

मुलगा गाडी चालवतो तेव्हा काचेबाहेर रस्ता नव्हता, नुसता हिरवागार रंग. मी मनात म्हटलं, गेलेली शेती. गाडीबरोबर धावते आहे बिचारी.

फाटकाजवळ म्हातारा वॉचमनच्या हातचा चहा पितो. पुन्हा तोच चहा पितो. मग पुन्हा तिसऱ्यांदा पितो. तेच वाक्य, तोच घोट, तोच सुस्कारा. मधे एक अदृश्य आवाज म्हणतो, "आबा, अजून एकदा. जरा सावकाश." म्हटलं, परमेश्वर. दुसरं कोण असणार? शिवाय त्या वेळी म्हाताऱ्याच्या डोक्यावर एक काळा, केसाळ गोळा लोंबत होता. तो नियती होता, हे सांगायला माझ्यासारख्याला कुणाची गरज नव्हती.

आणि विहीर? ती दाखवलीच नव्हती. म्हातारा आत डोकावणार, एवढ्यात पडदा काळा. नुसता अंधार, आणि मधोमध पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द, 'विहीर'. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. शेवटही तसाच. सिनेमा संपला तेव्हा मामांनी माझ्याकडे बघितलं. सागरनेही बघितलं, पण त्याच्या नजरेत काळजी होती. मला वाटलं, कलावंताची नम्रता.

मग मी बोललो. किती वेळ, ते विचारू नका. मागे जिलेब्या तळून झाल्या, पाकात पडल्या, परातीत रचल्या गेल्या, तरी मी बोलतोच होतो. आकडे, मुका बाप, हिरवी काच, चहाच्या तीन आवर्तनांतून मांडलेली जगण्याची पुनरावृत्ती, केसाळ नियती, सगळं सांगितलं. जुने दिग्दर्शक प्रतिमा दाखवून गोष्ट सांगायचे, हा नव्या पिढीचा दिग्दर्शक प्रतिमा नाकारून सांगतो, हेही सांगितलं. आणि शेवटी म्हटलं, "मामा, विहीर दाखवली असती तर ती नुसती विहीर झाली असती. गेलेली विहीर कशी दाखवणार? हा अंधार हीच ती विहीर. यात आता एक काडीचाही बदल करू नका."

मामा रडत होते. खरंच. खांद्यावरच्या टॉवेलने डोळे पुसत म्हणाले, "आमच्या वडलांची विहीर अशीच गेली, सर. या हॉलखालीच हाय ती." मग ते उठले आणि माझ्या पाया पडायला लागले. मी त्यांना वरच्या वर धरलं, पण जरा उशिराच.

जाताना मामांनी जिलेबीचं मोठं पार्सल दिलं. सागर मला फाटकापर्यंत सोडायला आला. तोंड दोनदा उघडलं आणि दोनदा मिटलं त्याने. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि रिक्षात बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला.

"सर, काल तुम्ही जे बोललात…"

"अरे, मनापासून बोललो. आभार मानू नकोस."

"सर, पिक्चर अर्धाच आहे."

"म्हणजे?"

"नुसता जोडून बघितला होता. कच्चा. ते आकडे एडिटिंगसाठी असतात, शेवटी काढून टाकतात. आबांचा आवाज डब करायचा राहिलाय. गाडीबाहेरचं ते हिरवं कापड आहे, तिथे नंतर रस्ता टाकायचाय."

मी विचारलं, "आणि चहा?"

"ते तीन टेक आहेत, सर. त्यातला कुठला ठेवावा, हे तुम्हाला विचारणार होतो."

"तो 'अजून एकदा' म्हणणारा आवाज?"

"माझा."

डोक्यावरच्या काळ्या गोळ्याबद्दल मी विचारलं नाही. त्याने आपणहून सांगितलं की तो केसाळ खोळ घातलेला माइक होता आणि चुकून कॅमेऱ्यात आला होता. मी खाली बसलो.

पण खरी गोष्ट पुढेच होती. विहिरीचे प्रसंग अजून चित्रितच झाले नव्हते. सागरने सिंहगडाच्या बाजूला एक सुंदर दगडी विहीर शोधून ठेवली होती. ती पुढच्या महिन्यात बुजवून तिथे इमारत होणार होती. त्याआधी शूटिंग झालं नाही, तर विहीर संपली आणि पिक्चरही संपला. त्यासाठी मामांकडून पैसे हवे होते. आणि 'पुढचं ठरवू' म्हणजे हेच ठरवायचं होतं.

"मामा काय म्हणतात?" मी विचारलं.

"मामा म्हणतात, सरांनी पास केलाय. काडीचाबी बदल करायचा न्हाई. आता वर पैसे घालणारा मी येडा हाय का? सर, मी त्यांना समजावून बघितलं. ते म्हणतात, तुला सरांपेक्षा जास्त कळतं का?"

"अरे, मग काल तिथेच का नाही बोललास?"

"मी सुरुवातीलाच सांगत होतो, सर."

मी फोन ठेवला. आमची ही कालची जिलेबी बशीत काढत सगळं ऐकत होती. तिने शांतपणे विचारलं, "म्हणजे कणीक खाल्लीत आणि पोळी मऊ झालीये म्हणून सांगून आलात?"

मी म्हटलं, "अगं, चेष्टा नको. त्या पोराचा सिनेमा बुडतोय."

"मग इथे काय बसलात? जा आणि सांगा त्यांना."

"काय सांगू?"

"तुम्हाला कळलं नाही, हे."

बघा, सदाशिव पेठेतल्या माणसाला 'कळलं नाही' एवढे दोन शब्द म्हणायला सांगणं म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे. आम्ही भाजी महाग का झाली, हेही कळल्यासारखं करतो. रिक्षात बसल्यापासून मी दुसरा रस्ता शोधत होतो. सन्मानाने माघार कशी घ्यावी, याची दांडेकर पुलापासून वडगावपर्यंत तयारी केली.

कार्यालयात लग्नाची पंगत बसली होती. मामा वाढप्यांवर ओरडत होते. मला बघताच धावत आले आणि मला बाजूच्या खोलीत नेलं. पुन्हा जिलेबी आली.

मी सुरुवात केली. "मामा, रात्रभर विचार केला. सागरच्या कलाकृतीला अभिजाततेची जोड द्यायची असेल, तर विहिरीचं दृश्य असावं असं मला आता…"

"काय सांगता? काल तर म्हणलात, विहीर दाखवली तर ती नुसती विहीर व्हईल."

"हो, पण दुसऱ्या दृष्टिकोनातून बघितलं तर…"

"पोरानं पढवलं का तुम्हाला?" मामांनी डोळे बारीक केले. "रातच्याला माझ्या मागं लागलं व्हतं. सर, तुम्ही भिडस्त माणूस. तुम्ही काळजी करू नका. मी तुमच्या शब्दावर पक्का हाय."

माझ्याच शब्दावर पक्का. मी आणखी दोन वेळा प्रयत्न केला. एकदा समकालीन प्रेक्षकाच्या बाजूने, एकदा जागतिक महोत्सवांच्या बाजूने. मामा दर वेळी माझंच कालचं एक वाक्य काढून माझ्यासमोर ठेवायचे. अहो, इतकं मन लावून माझ्या वर्गातही कुणी ऐकलं नव्हतं. तेवढ्यात खिडकीतून मला सागर दिसला. हॉलच्या दारात उभा होता, आत यायची हिंमत नव्हती, नुसता आमच्याकडे बघत होता. मला माझीच लाज वाटली.

"मामा," मी म्हटलं, "मला कळलं नाही."

"काय न्हाई कळलं?"

"सिनेमा. तो अर्धवट आहे हेच मला कळलं नाही. सागर सांगत होता, मी त्याला गप्प केलं. काल जे बोललो ते सगळे अर्थ मी मनाने लावले."

बाहेर वऱ्हाडी मंडळी मठ्ठा मागत होती. मला वाटलं, आता मामा मला उचलून जिलेबीच्या कढईत टाकणार.

"म्हंजी ते आकडं?"

"एडिटिंगचे."

"आन् बापाला आवाज न्हाई ते?"

"भरायचा राहिलाय."

"चहा?"

"तीनदा शूट केला. त्यातला एकच ठेवायचाय."

मामा जरा पुढे झाले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आन् सर, ते डोक्यावर लोंबत व्हतं ते? नियती?"

"माइक."

आधी त्यांचं पोट हललं. मग खांदे. मग ते असे हसायला लागले की बाहेरचे दोन वाढपी भांडी हातात घेऊनच आत डोकावले. हसता हसता मामांनी माझ्या गुडघ्यावर हात मारला.

"सर, लई उपकार झालं. अहो, मलाबी कायबी कळलं नव्हतं. तुम्ही बोलत व्हता म्हणून मी माना डोलवत व्हतो. आन् सकाळपासून साऱ्या भावकीला सांगत सुटलोय, नियती बघायला या म्हणून."

"पण तुम्ही रडलात हो."

"ते विहिरीला रडलो. ते खरं व्हतं." त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं आणि दाराकडे बघून हाक मारली, "ए सागऱ्या, आत ये. तुझी विहीर कुठं हाय म्हणलास? कधी निघायचं?"

त्या पोराचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. माझा बघितला नाहीत ते बरंच झालं. छातीवरची धोंड उतरली म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. घरी आल्यावर हिला म्हटलं, "झालं. मला कळलं नाही, असं सांगून टाकलं." ती म्हणाली, "मग? मेलात का?" नव्हतो मेलो. उलट बऱ्याच वर्षांनी दुपारी गाढ झोपलो.

शूटिंग झालं. विहीर बुजण्याआधी कॅमेऱ्यात आली. पिक्चर पुरा झाल्यावर शहरातल्या चांगल्या थिएटरात पहिला खेळ करावा असं सागरचं म्हणणं होतं, पण मामांचा हट्ट, पहिला खेळ आपल्या गावात, आपल्याच कार्यालयात. आख्खी धायरी लोटली होती. मामांनी मला पुन्हा हाताला धरून स्टेजवर नेलं. पुन्हा तेच सिंहासन. शेजारी आमची ही. मी म्हटलं, मला आपला मागे कोपऱ्यात बसू द्या. पण मामा ऐकतात का?

सुरू झाल्याबरोबर मी कोपऱ्यात बघितलं. आकडे नाहीत. हुश्श. बाप बोलला, आणि फार छान बोलला. काचेबाहेर सिंहगड रस्ता पळत होता. म्हाताऱ्याने चहा प्यायला, एकदाच, आणि डोक्यावर काहीही लोंबत नव्हतं. म्हाताऱ्याच्या आठवणीतली विहीर दिसली, तिच्यावरची मोट, पायऱ्या, पाण्यात पडलेलं आभाळ. मामांच्या घरातल्या बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. मीसुद्धा निवांत झालो. या खेपेला सगळं जागच्या जागी होतं, आणि मला कशाचाही अर्थ लावायचा नव्हता.

शेवटचा प्रसंग आला. सोसायटीतला वॉचमन गुपचूप फाटक उघडतो. म्हातारा पार्किंगमध्ये येतो. विहिरीवर बसवलेलं लोखंडी झाकण दोघं मिळून सरकवतात. म्हातारा गुडघे टेकतो, आत वाकतो, आणि…

आणि पडदा काळा. ठार काळा. आवाजही गेला.

हॉलमध्ये कुणी हलेना. पण मी काही आता पूर्वीचा राहिलो नव्हतो. एकदा दुधाने पोळलेला माणूस मी, ताकाचं सोडा, पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागलो होतो. पोराच्या पहिल्याच खेळाला, ऐन शेवटाला वीज जावी? आणि सगळे मख्खासारखे बसलेत? मी सिंहासनावरून उठून उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात ओरडलो, "अहो, लाइट गेली! जनरेटर कुणाकडे आहे? पळा, पिक्चर थांबलाय!"

हिने माझा सदरा खाली ओढला. मी तो सोडवून घेतला. "अगं, मागच्या खेपेसारखं नाही. या वेळी मला कळलंय. मामा, अहो, जनरेटर!"

अंधारात माझ्या खांद्यावर एक जड हात पडला.

"सर, खाली बसा," मामा कानाशी म्हणाले. "लाइट हाय. पंखे फिरत्यात की. ही विहीर हाय. पोरगं म्हणलं, सर बोलले तेवढं एक खरं व्हतं, म्हणून शेवटाला तेवढा अंधार ठेवलाय. तुमच्यासाठी."

मी बसलो. डोक्यावर पंखा फिरत होता. मग दिवे लागले, आणि आख्खी धायरी पडद्याकडे पाठ करून माझ्याकडे बघत होती. लोक म्हणतात, सिनेमा उत्तम झालाय. समीक्षक म्हणून माझी एवढीच एक तक्रार आहे, की तो शेवटचा अंधार दिग्दर्शकाने आणखी बराच वेळ ठेवायला हवा होता.